मराठवाड्यातून हिवाळी खेळांच्या राष्ट्रीय संघाकडे: बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी मार्गदर्शक

परभणी, हिंगोली, धाराशिव अशा जिल्ह्यांत राहणाऱ्या पालकांना आपले मूल हिवाळी खेळांत भारताच्या संघातून खेळू शकेल असे सांगितले, की त्यांचा पहिला प्रश्न बर्फाचा असतो. जिथे थंडी म्हणजे जानेवारीतल्या चार पहाटेच्या शेकोट्या आणि एप्रिल उजाडला की टँकरची वाट, तिथे हे खेळ शिकवायचे कुठे, ही शंका अगदी रास्त आहे. तरीही ऑस्ट्रियात २०१७ साली झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक हिवाळी स्पर्धेत भारताच्या खेळाडूंनी ७३ पदके मिळवली आणि इटलीतील तुरीन येथे मार्च २०२५ मध्ये ३३. आमची मुलगी डाऊन सिंड्रोम असलेली आहे, ती फ्लोअरबॉल खेळते आणि राष्ट्रीय शिबिरापर्यंत जाऊन आली आहे. त्या काळात जे कळले त्यावरून मला ठामपणे एवढेच सांगायचे आहे की बर्फ हा या वाटेवरचा शेवटचा टप्पा आहे. कागदपत्रे, तब्येत, सराव आणि निवडीचे नियम ही चार कामे आपल्या गावात राहूनच करावी लागतात आणि बहुतेक मुले याच चारांपैकी कुठेतरी अडकून पडतात.

१. आपल्या मुलासाठी कोणती संघटना, हे आधी निश्चित करा

पॅरालिम्पिक, डेफलिम्पिक्स आणि स्पेशल ऑलिम्पिक्स या तीन वेगवेगळ्या चळवळी आहेत, त्यांच्या संघटना वेगळ्या आहेत आणि पात्रतेच्या अटीही वेगळ्या आहेत. शाळेत, तालुक्याच्या कचेरीत, इतकेच काय पण क्रीडा कार्यालयातही हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरले जातात आणि पालकांची वर्षे त्यात वाया जातात.

हिवाळी पॅरालिम्पिक स्पर्धा १९७६ साली स्वीडनमध्ये सुरू झाली. त्यात अल्पाइन स्कीइंग, क्रॉस कंट्री स्कीइंग, बायथलॉन, स्नोबोर्ड, पॅरा आइस हॉकी आणि व्हीलचेअर कर्लिंग हे सहा खेळ आहेत. ते शारीरिक आणि दृष्टिदोष असलेल्या खेळाडूंसाठी आहेत. हात किंवा पाय नसलेले, मणक्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअरवर असलेले किंवा अंध असलेले मूल तुमच्या घरात असेल, तर तुमची वाट पॅरालिम्पिक कमिटी ऑफ इंडियाकडे जाते आणि तिथे वैद्यकीय वर्गीकरण ही पहिली पायरी असते. कर्णबधिर खेळाडूंसाठी हिवाळी डेफलिम्पिक्स १९४९ पासून होत आली आहे.

बौद्धिक दिव्यांग मुलांसाठी मात्र हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये सध्या एकही प्रकार नाही. त्यांचा मार्ग स्पेशल ऑलिम्पिक्स भारत या राष्ट्रीय संघटनेतून आणि तिच्या महाराष्ट्रातील शाखेतून जातो. यापुढचा सगळा लेख त्याच मार्गाविषयी आहे. मुलाला बौद्धिक अक्षमतेबरोबर शारीरिक व्यंगही असेल तर चालते, परंतु केवळ शारीरिक व्यंग असेल तर ते मूल इथे पात्र ठरत नाही.

वयाची अट सोपी आहे. स्पर्धेसाठी आठ वर्षे पूर्ण हवीत आणि वरच्या बाजूला वयाची मर्यादा नाही. पंचविशीतल्या मुलाला घेऊन आलेले एक पालक उशीर झाला म्हणून परत निघाले होते. त्यांना थांबवावे लागले.

२. कागदपत्रे एकाच नावाने तयार ठेवा

खालील कागद निवडीची वेळ येण्याच्या कितीतरी आधी हातात असावेत, कारण यांतील काहींना महिने लागतात.

- दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे केंद्र सरकारचे दिव्यांगांसाठीचे ओळखपत्र. अर्ज स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर होतो. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, नांदेड, लातूर आणि अंबाजोगाई येथील महाविद्यालये ही आपल्या भागातील ठिकाणे आहेत.
- बुद्ध्यांक चाचणीचा अहवाल, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टच्या सहीशिक्क्यासह.
- जन्माचा दाखला आणि आधार कार्ड.
- विशेष शाळेचे बोनाफाईड, मूल शाळेत जात असेल तर.
- पासपोर्ट.
- मूल अठरा वर्षांवरील असेल तर कायदेशीर पालकत्वाचे प्रमाणपत्र.
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे, अलीकडचे फोटो.

यांतील सर्वांत मोठा सापळा नावाचा आहे. जन्मदाखल्यावर घरातले लाडाचे नाव, शाळेत आडनाव आधी, आधारवर वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक आणि यूडीआयडीवर दुसरे, अशी स्थिती आपल्याकडे घरोघरी दिसते. एरवी त्याने काही बिघडत नाही. पण पासपोर्टच्या खिडकीवर आणि नंतर स्पर्धेच्या नोंदणीत प्रत्येक अक्षर जुळावे लागते. म्हणून आधी जन्मदाखला पाहा, त्यावरून आधार दुरुस्त करा, मग त्याच स्पेलिंगने यूडीआयडी आणि शेवटी पासपोर्ट काढा. हा क्रम उलटा केला की प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागते. जुन्या कागदांवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद आणि नव्यांवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव असे येणारच; त्याची धास्ती घेऊ नका, मात्र नवा अर्ज भरताना सध्याचेच नाव लिहा.

पालकत्वाच्या प्रमाणपत्राकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान ठरते आणि त्याच्या वतीने आई किंवा वडिलांनी केलेली सही आपोआप ग्राह्य राहत नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते आणि ती पालकाची नेमणूक करते. समितीची बैठक केव्हा होईल हे आपल्या हातात नसते, त्यामुळे मुलाचा अठरावा वाढदिवस झाल्याबरोबर अर्ज करावा. शस्त्रक्रियेची संमती, बँक खाते आणि परदेश प्रवासाचे संमतीपत्र या सगळ्यांसाठी पुढे आयुष्यभर हाच एक कागद लागतो.

३. वैद्यकीय तपासणी मनापासून करून घ्या

नोंदणीसाठी डॉक्टरांनी भरलेला वैद्यकीय अर्ज लागतो. ओळखीच्या डॉक्टरांकडून मूल न दाखवता शिक्का मारून घेण्याची पद्धत आपल्याकडे आहे, आणि हिवाळी खेळांच्या बाबतीत ती खरोखर धोकादायक आहे.

डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांत मानेतील वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो आणि मानेला झटका बसला तर मज्जारज्जूला इजा होऊ शकते. स्कीइंग आणि स्नोबोर्डमध्ये पडणे हा शिकण्याचाच भाग असल्यामुळे या मुलांची मानेची तपासणी झाल्याशिवाय त्यांना उतारावर उभे करू नये. चालण्यात अलीकडे फरक पडला आहे का, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा येतो का, लघवीवरचा ताबा सुटू लागला आहे का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. यांपैकी एकही लक्षण असेल तर मेंदू व मज्जासंस्थेच्या तज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. याच मुलांत हृदयाचे जन्मजात दोष आणि थायरॉईडचा त्रासही अधिक आढळतो, तेव्हा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि थायरॉईडच्या तपासणीचे अहवाल फाइलमध्ये असावेत.

मुलाला फिट येत असतील तर ते लपवू नका. निवड हुकेल या भीतीने पालक गप्प राहतात आणि शिबिरात गोळीची वेळ चुकली की त्रास मुलाला होतो. औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि वेळ लिहिलेले डॉक्टरांचे इंग्रजी पत्र जवळ ठेवा.

४. नोंदणी

मूल विशेष शाळेत जात असेल तर तेथील क्रीडाशिक्षकांमार्फत नोंदणी होते. शाळेत जात नसलेल्या मुलांनाही नोंदणी करता येते. त्यासाठी जवळच्या विशेष शाळेशी किंवा स्पेशल ऑलिम्पिक्सच्या राज्य शाखेशी थेट संपर्क साधावा. कोणती विशेष शाळा कुठे आहे याची यादी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात मिळते.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. स्पेशल ऑलिम्पिक्सच्या नियमानुसार खेळाडूकडून किंवा त्याच्या कुटुंबाकडून सहभागाचे शुल्क घेता येत नाही. 'संघात नाव घालतो, इतके द्या' असे म्हणणारा माणूस कितीही मोठ्या ओळखी सांगत असला, तरी त्याच्याशी व्यवहार करू नका.

५. आपल्याकडे सराव होईल असाच खेळ निवडा

स्पेशल ऑलिम्पिक्सच्या हिवाळी खेळांत अल्पाइन स्कीइंग, क्रॉस कंट्री स्कीइंग, स्नोबोर्ड, स्नोशू धावणे, फिगर स्केटिंग, शॉर्ट ट्रॅक स्पीड स्केटिंग आणि फ्लोअरबॉल यांचा समावेश होतो. हिमाचल किंवा काश्मीरमधील मूल घराबाहेर पडले की उतार गाठते. त्याच्याशी अल्पाइन स्कीइंगमध्ये बरोबरी करणे आपल्या मुलांना कठीण जाते. मराठवाड्यातील मुलासाठी माझ्या मते तीन खेळ खऱ्या अर्थाने खुले आहेत, आणि त्यांचा क्रमही मी हाच लावेन.

पहिला फ्लोअरबॉल. हा बंदिस्त जागेत, साध्या जमिनीवर खेळला जातो आणि तरीही हिवाळी स्पर्धेत मोजला जातो. त्याला बर्फाचा एक कणही लागत नाही. दुसरा स्नोशू धावणे, ज्याचा पाया धावणे हाच आहे. तिसरा शॉर्ट ट्रॅक, तोही मूल आधीपासून रोलर किंवा इनलाइन स्केटिंग करत असेल तरच.

६. सराव: हॉल, नदीची वाळू आणि स्केट्स

फ्लोअरबॉलसाठी हलकी प्लास्टिकची स्टिक, भोके असलेला पोकळ प्लास्टिकचा चेंडू आणि दोन छोटे गोल एवढेच साहित्य लागते. चेंडूचे वजन जेमतेम २३ ग्रॅम असते. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये एका बाजूने तीन खेळाडू आणि एक गोलरक्षक मैदानात असतात. गोलरक्षकाला स्टिक नसते. तो गुडघ्यांवर बसून हातांनी आणि अंगाने चेंडू अडवतो, म्हणून त्याला जाळीचे हेल्मेट आणि गुडघ्यांचे पॅड घेऊन द्यावेतच.

जागेसाठी विभागीय क्रीडा संकुलाचा हॉल मिळाला तर उत्तम, पण तालुक्याच्या ठिकाणी लग्नसराई नसताना मंगल कार्यालयाचा हॉल मागितला तर मालक सहसा नाही म्हणत नाहीत. फरशी मात्र नीट पाहून घ्या. शहाबादी फरशीच्या सांध्यांवर हा हलका चेंडू उडतो आणि मुलाचा अंदाज चुकतो. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात. कोटा किंवा सिमेंटचा सपाट कोबा असेल तर सराव चांगला होतो. खेळण्याआधी फरशी झाडून, कोरड्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण धुळीच्या पातळ थरावरही बुटांची पकड सुटते.

आपल्या मुलांची एक सवय मोडायला फार वेळ लागतो. गल्लीतल्या क्रिकेटमुळे हातात स्टिक आली की ती खांद्यावर जाते आणि चेंडू उचलून मारला जातो. फ्लोअरबॉलमध्ये चेंडू मारताना स्टिक कमरेच्या वर नेणे हा फाऊल आहे, तसेच दुसऱ्याच्या स्टिकवर मारणे हाही. आम्ही मुलीच्या कमरेला रंगीत ओढणी बांधायचो, स्टिक ओढणीच्या वर गेली की शिट्टी वाजायची आणि चेंडू समोरच्याकडे जायचा. तोंडाने समजावून जे उतरले नव्हते ते या एका खुणेने उतरले. सुरुवातीला मारणे शिकवूच नये. चेंडू स्टिकच्या पात्याला चिकटवून चालणे, मग वळणे, मग थांबवून समोरच्याला देणे, असा क्रम ठेवावा आणि एका दिवशी एकच गोष्ट घ्यावी.

स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट, जिच्यामुळे पाय बर्फात रुतत नाही. ती घालून धावताना गुडघे नेहमीपेक्षा वर उचलावे लागतात आणि दोन पायांत अंतर ठेवावे लागते, नाहीतर एका चौकटीवर दुसरी पडून खेळाडू तोंडावर आपटतो. या धावण्याला सर्वांत जवळचा सराव वाळूत होतो. गंगाखेड, पैठण किंवा नांदेडजवळ गोदावरीच्या पात्रात उन्हाळ्यात कोरडी वाळू मिळते. पहाटे ऊन चढण्याआधी तिथे २५ आणि ५० मीटरची धाव घ्यावी, सवय झाल्यावर १०० मीटर. वाळूत दोन समांतर रेषा ओढाव्यात आणि प्रत्येक पाय आपल्याच रेषेवर पडेल असे धावायला लावावे. मात्र वाळू उपसल्याने पात्रात खोल खड्डे पडलेले असतात आणि वरून पाणी सोडले तर ते पाहता पाहता भरतात. म्हणून आधी मोठ्या माणसाने ती पट्टी चालून पाहावी, धरणातून पाणी सोडल्याच्या सूचनेकडे लक्ष ठेवावे आणि मुलाला एकट्याने पात्रात कधीही उतरू देऊ नये.

शॉर्ट ट्रॅकचा पाया इनलाइन स्केट्सवर बसतो, कारण वाकून धावण्याची ठेवण आणि वळणावर पाय पुढे टाकण्याची पद्धत दोन्हीकडे सारखीच आहे. थांबण्याची पद्धत मात्र वेगळी आहे आणि ती बर्फावरच शिकावी लागते. देहरादूनला आणि गुरुग्रामला कृत्रिम बर्फाचे रिंक आहेत.

७. थंडीचे कपडे घरातच अंगवळणी पाडा

ही पायरी कोणी सांगत नाही, आणि माझ्या अनुभवात खेळाइतकीच महत्त्वाची आहे. हातमोजे, कानटोपी, हेल्मेट, गॉगल आणि जड बूट या पाचही गोष्टी आपल्या मुलांनी कधी अंगावर घेतलेल्या नसतात. स्वमग्नता असलेल्या मुलांना तर कपड्याच्या शिवणीचा स्पर्शही सहन होत नाही. असे मूल शिबिराच्या पहिल्याच सकाळी हातमोजे फेकून देते, आणि मोज्यांशिवाय त्याला बर्फावर सोडता येत नाही.

त्यामुळे निवडीची वाट न पाहता सराव सुरू करा. पहिल्या आठवड्यात आवडता कार्यक्रम पाहताना काही मिनिटे फक्त हातमोजे, पुढे हातमोजे घालून डबा उघडणे, पाण्याची बाटली उघडणे, चेन लावणे. हेल्मेटचा पट्टा मुलाला स्वतः लावता आला पाहिजे, कारण तिथे एका प्रशिक्षकाकडे अनेक मुले असतात. उन्हाळ्यात हा सराव रात्री, पंख्याखाली आणि थोडा वेळच करावा. घाम आला की मुलाचे मन त्या वस्तूवरून कायमचे उडते.

कपड्यांत सुती बनियन आतून घालू नका. घामाने किंवा बर्फाने ओले झालेले सुती कापड लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब काढून घेते. आत थर्मल, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि बाहेरून पाणी न शिरणारे जाकीट असे तीन थर हवेत. आजीने विणलेला जाड स्वेटर सोबत जरूर द्या, तो रात्री खोलीत उपयोगी पडतो.

८. गट आणि निवड कशी होते, हे आधीच समजून घ्या

सर्वांत जास्त मनस्ताप इथेच होतो, म्हणून सविस्तर लिहितो. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये सगळे खेळाडू एकत्र धावत नाहीत. वय, मुलगा की मुलगी आणि क्षमता यांनुसार तीन ते आठ जणांचे गट केले जातात, आणि गटातील सर्वांत चांगल्या व सर्वांत कमी कामगिरीत साधारण १५ टक्क्यांहून अधिक फरक नसावा असे पाहिले जाते. त्यासाठी आधी प्राथमिक फेरी घेतात. प्रत्येक गटाला स्वतंत्र पदके असतात, त्यामुळे हळू धावणाऱ्या मुलालाही आपल्या गटात सुवर्णपदक मिळू शकते आणि ते तितकेच खरे असते.

यावरून काही पालकांना व शिक्षकांना कल्पना सुचते की प्राथमिक फेरीत मुलाला मुद्दाम हळू धावायला सांगावे, म्हणजे सोपा गट मिळेल. हे करू नका. पूर्ण ताकदीने न खेळलेल्या खेळाडूला बाद करण्याचा नियम आहे. शिवाय 'हळू जा' आणि लगेच दुसऱ्या दिवशी 'जोरात जा' या सूचनांनी आपली मुले पार गोंधळून जातात.

दुसरी गोष्ट सोडतीची. वरच्या स्पर्धेत जाण्यासाठी त्याखालच्या पातळीवर खेळलेले असणे आवश्यक असते. तिथे प्रत्येक गटातला विजेता पात्र ठरतो, मग त्याचा गट वेगवान असो वा हळू. पात्र खेळाडू जागांपेक्षा जास्त झाले, तर निवड चिठ्ठ्या टाकून होते. म्हणजे राज्यात सुवर्णपदक मिळवलेले मूल राहू शकते आणि त्याच्याहून कमी वेगाचे मूल जाऊ शकते. इथे पक्षपात झाला असे समजून पालक भांडतात, काही जण मुलाला खेळातूनच काढतात. हा नियम विचारपूर्वक केलेला आहे, कारण केवळ सर्वांत सक्षम मुलांनाच जग पाहायला मिळू नये असा त्यामागचा हेतू आहे. मला तो योग्य वाटतो. मुलाला मात्र 'जिंकलास की विमानात बसशील' असे वचन आधीपासून देऊ नका. ते देणे आपल्या हातात नाही आणि आपली मुले वचन विसरत नाहीत.

जागतिक हिवाळी स्पर्धा साधारण चार वर्षांनी होते. रशियातील कझान येथे २०२२ साठी ठरलेली स्पर्धा आधी पुढे ढकलली गेली आणि मग रद्द झाली, त्यामुळे २०१७ नंतर थेट २०२५ उजाडले. पुढची स्पर्धा २०२९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये होणार आहे. आज दहा वर्षांचे असलेले मूल तयार करायला तेवढा अवधी पुरेसा आहे.

९. शिबिराचे बोलावणे आल्यावर

बर्फावरील खेळांची शिबिरे हिमाचलमधील नारकंड्यासारख्या ठिकाणी होतात, जे समुद्रसपाटीपासून सुमारे २७०० मीटर उंचीवर आहे. आपल्याकडून सचखंड एक्स्प्रेस नांदेड, परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर करत दिल्लीमार्गे अंबाल्यापर्यंत नेते आणि तेथून सिमल्याकडे जाता येते. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला स्लीपर व थर्ड एसीमध्ये ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रेल्वेचे दिव्यांग ओळखपत्र आधीच काढून ठेवा. एकदम थंडीत उतरू नये म्हणून एक दिवस मध्ये मुक्काम करता आला तर मुलाला बरे पडते.

शिबिरात पालकांना सहसा मुलाजवळ राहता येत नाही. म्हणून मुलाने आपले पूर्ण नाव सांगणे, शौचास जाण्याची गरज हिंदीतून किंवा खुणेने कळवणे, स्वतः अंघोळ करणे आणि ताटात येईल ते खाणे या गोष्टी आल्याच पाहिजेत. भाकरी मिळणार नाही, राजमा आणि पोळी मिळेल. महिनाभर आधीपासून घरी राजमा करायला लागा. 'पानी', 'ठंड लग रही है', 'पेट में दर्द है' ही वाक्ये पाठ करून घ्या, कारण तेथील प्रशिक्षकांना मराठी समजेलच असे नाही.

बॅगेत वर ठेवायच्या वस्तू अशा: औषधे आणि डॉक्टरांचे पत्र, हातमोज्यांचा दुसरा जोड, लोकरी मोजे, व्हॅसलीन, आधारची प्रत, आणि मुलाच्या सवयींविषयी प्रशिक्षकांसाठी एका पानाचे टिपण. त्या टिपणात मूल कशाला घाबरते, कशाने शांत होते, थकले की काय करते आणि कोणत्या शब्दाला लगेच ऐकते, हे हिंदीत किंवा इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहा. हे पान प्रशिक्षकांच्या हातात द्या आणि एक प्रत मुलाच्या जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवा.

परत आल्यावर सहभागाचे मूळ प्रमाणपत्र प्लास्टिकच्या आवरणात ठेवून त्याच्या साक्षांकित प्रती काढा आणि एक प्रत शाळेत, एक जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात पोच घेऊन द्या. पदक मिळाले तर केंद्र सरकारच्या रोख पुरस्कार योजनेसाठी हेच कागद लागतात, आणि बँक खाते मुलाच्या नावावर व पासपोर्टवरील स्पेलिंगप्रमाणेच असावे लागते.